तापल्यावर दम तोडणारा रायडिंग मोअर : एका हंगामाच्या वापरानंतर

वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र: 42 इंची डेक (पात्यांवरचं आवरण), 17.5 अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा). अमेरिकेत अर्ध्या-पाऊण एकराचं अंगण असणाऱ्यांच्या गराजमध्ये सर्रास दिसणारी ही जुळणी. टेक्सासमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर बर्म्युडा गवतावर वापरून झालेलं मत असं: कापणी एकसारखी, वळायला सोपा, सीट ठीकठाक. मात्र जुलैच्या उन्हात अर्धा-पाऊण तास चालला की ताकद उतरते आणि वीस मिनिटं सावलीत थांबवला की परत तरतरीत होतो. ही तक्रार या एकाच मशीनची नाही, या जातीच्या बहुतेक मोअरना कधी ना कधी लागतेच. म्हणून सगळा भर त्यावरच.

पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो, आणि तो बहुधा निर्दोष निघतो. त्याच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा असेल तर इंजिन थंड असतानाही आचके देतं, आरपीएम वरखाली होतो. थंड असताना ठणठणीत आणि तापल्यावरच ढेपाळत असेल, तर आधी एवढंच बघा: इंजिनचा आवाज उतरतो, की इंजिन जोरात आणि चाकंच मंद? पुढची सगळी दिशा यावर ठरते.

आवाज उतरत असेल तर सुरुवात वरच्या झाकणापासून. या इंजिनाला रेडिएटर नाही. फ्लायव्हीलचा पंखा वरच्या जाळीतून हवा ओढतो आणि ती हवा सिलिंडरच्या फिन्सवरून (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून) जाते. बारीक वाळलं गवत जाळीतून आत शिरतं, तेलकट धुळीला चिकटतं आणि फिन्समध्ये घट्ट बसतं. भर उन्हात गोधडी पांघरून पळायला लावल्यासारखी इंजिनची गत होते. वरून जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे कुणी खाली बघत नाही. बोल्ट काढून ब्लोअर हाउसिंग (पंख्यावरचं झाकण) उचला, फिन्समधला थर लाकडी काडीने आणि ब्रशने सोडवा, मग कॉम्प्रेस्ड हवा मारा. पाण्याचा पाइप नको, गरम इंजिनावर तर मुळीच नको. हिवाळाभर मोअर पडून असेल तर तिथे उंदराचं घरटंही सापडतं. या मशीनचा अर्धाअधिक त्रास इथेच संपला. मॅन्युअलमध्ये ही सफाई वर्षातून एकदा लिहिलेली असते, बर्म्युडाच्या धुळीत दोनदा करावी.

उरलेला त्रास टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधल्या फटीचा. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. एक्झॉस्टची फट आधीच कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कंप्रेशन गळतं. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, पिस्टन कंप्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणा आणि तिथून 6 मिमी खाली उतरवा. ठीक टोकावर मोजलं तर कंप्रेशन रिलीजमुळे (सुरू करणं सोपं व्हावं म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडणारी सोय) माप फसवं येतं. या इंजिनाला इनटेक 0.08 ते 0.13 मिमी आणि एक्झॉस्ट 0.13 ते 0.18 मिमी लागतं. तुमच्या इंजिनचं माप मॉडेल नंबरवरून काढा, अंदाजाने नको. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलकं अडकत सरकलं पाहिजे. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आधीच आणून ठेवा, जुनं हमखास फाटतं.

इंधनाची बाजू झटपट तपासून होते. दम जायला लागला की ब्लेड बंद करा, मोअर सपाटीवर थांबवा आणि टाकीचं झाकण किंचित सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, झाकण बदला. फिल्टर आणि इंजिनला चिकटून जाणारी नळी बघा. पेट्रोल 10 टक्के इथेनॉलपर्यंतच. पंपावर ‘अनलेडेड 88’ नावाने मिळतं त्यात 15 टक्के असतं, ते यात घालू नका.

कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) गेली असेल तर लक्षण वेगळं: दम हळूहळू उतरत नाही, इंजिन एकदम मिसिंग मारतं किंवा बंदच पडतं. स्पार्क टेस्टर त्याच क्षणी लावला तर उपयोग, थंड झाल्यावर कॉइल गरीब चेहऱ्याने ठिणगी देते. नवी बसवताना फ्लायव्हीलपासूनचं अंतर बहुतेक इंजिनांत 0.25 ते 0.36 मिमी ठेवतात. एअर फिल्टरमध्ये तेल आणि एक्झॉस्टला धूर असेल तर कॉइल सोडा, हेड गॅस्केटकडे वळा. प्लगच्या भोकातून हवा भरून डिपस्टिकपाशी फुसफुस ऐकू आली की संशय पक्का, फक्त ती हवा पिस्टनच्या रिंगांतूनही येऊ शकते हे ध्यानात ठेवा.

तेल सुमारे 1.4 लिटर, फिल्टर धरून. 27 अंश सेल्सियसच्या वर 10डब्ल्यू-30 जास्त जळतं, उन्हाळ्यात एसएई 30 बरं.

आता दुसरी शक्यता: इंजिन जोरात, पण चढावर चाकं रडतात. हायड्रोस्टॅटिकमधलं तेल तापून पातळ होतं, पंपाच्या आतून गळतं आणि दाब टिकत नाही. गिअरबॉक्सवर साचलेलं गवत काढा, त्याच्या प्लॅस्टिक पंख्याची पाती शाबूत आहेत का ते बघा, पट्टा चकाकत असेल तर बदला. मग आतली हवा काढा. पुढची चाकं अडवा, मागची जमिनीपासून उचलून स्टँडवर घट्ट टेका, बायपास लिव्हर (गिअरबॉक्सची पकड सोडवणारा) ओढून पेडल पूर्ण पुढे 5 सेकंद, मागे 5 सेकंद, असं तीनदा. लिव्हर आत ढकलून पुन्हा तेच. एवढ्याने फरक पडला नाही तर तेल बदलणं उरतं, आणि सीलबंद गिअरबॉक्स असेल तर त्यासाठी तो पूर्ण खाली उतरवून उलटा करावा लागतो.

फिन्स आणि टॅपेट झाल्यावर या मशीनचं इंजिन ऑगस्टमध्येही शेवटपर्यंत टिकलं. चढावरची कुरकुर मात्र पट्टा बदलून आणि हवा काढूनही थोडी राहिलीच. सपाट अंगणाला हा मोअर खुशाल घ्या. उतार असेल तर जास्त पैसे मोजून तेल बदलता येणारा, जड कामाचा गिअरबॉक्स असलेलं मॉडेलच बघा.