साताऱ्यातल्या कॉलेजचा करिअर आणि विद्यार्थी मदत आठवडा: हॉलपेक्षा बाहेरच्या टेबलांवर वेळ द्या

साताऱ्यातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजात यंदा विद्यार्थ्यांसाठी आठवडाभर कार्यक्रम झाले. करिअर, पुढचं शिक्षण, स्कॉलरशिप, समुपदेशन, सगळं एकत्र. मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बहुतेक सगळ्या गोष्टींना बसून आले म्हणून सविस्तर लिहितेय, कारण असले आठवडे आता सातारा, कराड, सांगली, मिरज सगळीकडं भरायला लागलेत आणि पोरं एकतर जातच नाहीत नाहीतर हजेरी लागते म्हणून पहिल्या दिवशी हॉलमध्ये बसून येतात आणि म्हणतात काय उपयोग नाय. उपयोग आहे, लई आहे, फक्त तो हॉलच्या बाहेर व्हरांड्यात मांडलेल्या टेबलांवर आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि मला कुणाला खाली पाडायचं नाही, पुढच्या वर्षी हे आणखी चांगलं व्हावं एवढंच वाटतंय.

हॉलचं आधी उरकते. उद्घाटन, सत्कार, शाल, श्रीफळ, मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, यात अख्खी सकाळ गेली. पाहुणे माणूस म्हणून चांगले होते, बोलले पण मनापासून, पण स्वप्नं मोठी बघा हे ऐकायला वडूज, दहिवडी, मेढ्याहून पोरं पहाटे उठून येत नाहीत हो. स्वप्नं आहेतच सगळ्यांकडं. एमएस्सीचा फॉर्म कधी निघतो, नोकरी कुठं मिळते, घरातनं पैसे मिळणार नसतील तर काय करायचं, हे पाहिजे असतंय. बँकेच्या अधिकाऱ्यांचं एज्युकेशन लोनवरचं सेशन पण असंच गेलं. विषय एवढा कामाचा, आणि स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये, भराभर. पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, त्यात सरकारनं ठरवलेल्या संस्थांपैकी एखादीत मेरिटवर ॲडमिशन मिळाली तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, हे सगळं मला नंतर त्यांना बाहेर गाठून विचारल्यावर कळलं. बाहेर मात्र त्यांनी मराठीत, शांतपणे, न कंटाळता सांगितलं. तेच हॉलमध्ये सांगितलं असतं तर दोनशे पोरांचं काम झालं असतं.

हॉलमधलं एकच सेशन मी कुणालाही सोडू नका म्हणेन, ते म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं का चौथं वर्ष करायचं यावरचं. नवीन शैक्षणिक धोरणामुळं हा प्रश्न आमच्या बॅचपुढं एकदम येऊन उभा राहिलाय आणि घरी कुणालाच सांगता येत नाही, कारण आई-वडलांच्या डोक्यात बीएस्सी म्हणजे तीन वर्षं, संपलं. सेशन घेणाऱ्या मॅडमनी फळ्यावर नीट मांडलं: तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं आणि मग नेहमीसारखी दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं आणि मग एमएस्सी एका वर्षाची. म्हणजे एकूण वर्षं पाचच. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षाला रिसर्चचा मार्ग धरता येतो. पण मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं, की एका वर्षाची एमएस्सी तुम्हाला पाहिजे त्या विद्यापीठात, पाहिजे त्या विषयात सुरू आहे का ते आधी बघा आणि मग चौथ्या वर्षाचा निर्णय घ्या. आयआयटी जॅम, म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जायची प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांना पण त्यांनी वेगळा वेळ दिला. ६० प्रश्न, १०० मार्क, तीन तास, आणि निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना असतं, म्हणजे आकडा टाकायच्या प्रश्नाला उत्तर येत असेल तर घाबरून सोडू नका. ही गोष्ट आमच्या वर्गात निम्म्यांना माहीत नव्हती. सेशन संपल्यावर सुद्धा मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून पोरांच्या मार्कलिस्ट बघत होत्या.

आता टेबलं. पहिलं सीव्हीचं, आणि माझ्या मते पूर्ण आठवड्यातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. तिथं कॉलेजचे जुने विद्यार्थी बसले होते, त्यातली एक ताई औषधाच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात आहे. ती प्रत्येकाचा सीव्ही हातात घ्यायची, पेन काढायची आणि समोर बसवून एकेक ओळ विचारायची. सगळ्यांच्या सीव्हीवर वर एक ऑब्जेक्टिव्ह असतंय, नेटवरनं घेतलेलं, ते तिनं आधी काटलं. मग हार्ड वर्किंग, टीम प्लेअर वगैरे काटलं. माझ्या मैत्रिणीनं एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) लिहिलं होतं, ताईनं विचारलं स्वतः चालवलंय का नुसतं बघितलंय, ती म्हणाली बघितलंय. ताई म्हणाली मग तसंच लिही, डेमो बघितलाय असं, कारण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार आणि तिथं अडकलीस तर पुढचं सगळं खोटं वाटेल. त्याच्या जागी तिनं लिहायला लावलं की टायट्रेशन स्वतः केलंय, पीएच मीटर कॅलिब्रेट केलाय, सोल्युशन बनवलीत. ज्या गोष्टी आम्ही तीन वर्षं प्रॅक्टिकलला करतोय आणि ज्यांना आम्ही काही किंमतच देत नाही, त्याच लिहायच्या.

मग तिथंच छोटा इंटरव्ह्यू. एक लिटर ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावण किती तीव्र ते सांगायचं माप) सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवशील? ४ ग्रॅम हे सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न, मग ते बरोबर ०.१ आहे हे कशावरून? इथं बहुतेक गप्प. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळं वजन करून बनवलं तरी नंतर ते ऑक्झॅलिक ॲसिड किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटनं स्टँडर्डाइज करावंच लागतं, म्हणजे त्याची खरी तीव्रता तपासून घ्यावी लागते. हे आम्ही जर्नलमध्ये लिहिलेलं असतं, पण कुणी समोर बसून का असं विचारलं की मग ते डोक्यात जातं. आणखी एक विचारलं, वहीत रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर काय करशील. खोडून, व्हाइटनर लावून चालत नाही कंपनीत. एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, आणि कारण. हे तिनं सांगितलं तेव्हा मागं उभी असलेली पोरं पण वही काढून लिहायला लागली. एका जणाला पंधरा-वीस मिनिटं मिळत होती. एवढ्या वेळात एवढं कुठल्याच क्लासला मिळणार नाही.

स्कॉलरशिपचं टेबल दुसरं. तिथं ऑफिसमधले एक सर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचे, अडकलेले अर्ज एकेक करून उघडून बघत होते. पोरांना वाटतं स्कॉलरशिप आली नाही म्हणजे अर्ज बाद झाला. बऱ्याच जणांचं भलतंच निघालं. बँक खात्याला आधार नंबर जोडलेला असणं आणि सरकारी पैसे जमा व्हायला ते खातं आधारशी सीड असणं, म्हणजे त्याच कामासाठी नोंदवलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची तीन खाती असली आणि तिन्हीला आधार दिलेला असला तरी डीबीटीचे, म्हणजे सरकारकडनं थेट खात्यात येणारे पैसे एकाच खात्यात जातात, जे शेवटी सीड केलंय त्यात. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस असं असतं, तिथं दोन मिनिटांत दिसतं कुठली बँक लागलीय ते. कोरेगावकडच्या एका पोराचे पैसे त्याच्या दहावीला असताना काढलेल्या खात्यात पडून होते, त्याला माहीतच नव्हतं. त्याचा चेहरा बघून मलाच एवढं बरं वाटलं की काय सांगू. मुलींच्या फी माफीचं पण इथंच नीट कळलं, २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. म्हणजे साध्या बीएस्सीला हे धरून चालू नका, पण धाकट्या बहिणी बीफार्म, इंजिनिअरिंगला जाणार असतील तर घरी नक्की सांगा.

कंपन्यांचे स्टॉल ठीकठाक. दोन-तीन ठिकाणी खरंच माहिती मिळाली, बाकी ठिकाणी नाव, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि पत्रक दिलं. एक मात्र मला अजिबात पटलं नाही. एका ट्रेनिंगवाल्यांचा स्टॉल होता, आधी कोर्सची फी भरा मग शंभर टक्के प्लेसमेंट. कॉलेजच्या आवारात स्टॉल लागला म्हणजे पोरांना वाटतं कॉलेजनं तपासलंय, आणि गावाकडच्या आई-वडलांना तर वाटतंच. नोकरी देणारा पैसे मागत नसतो. असल्या लोकांना आत घेऊ नका अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे, मी फीडबॅक फॉर्ममध्ये पण लिहिलंय. त्यापेक्षा अप्रेंटिसशिपचं टेबल मोठं करा. पीएम इंटर्नशिप, २०२४ ला आलेली राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, यांची माहिती एका कोपऱ्यात एका बोर्डावर लावलेली आणि समजावून सांगायला कुणीच नाही.

समुपदेशनाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण हे कुणी लिहीत नाही. पहिल्या दिवशी समुपदेशक मॅडमचं टेबल गेटजवळ होतं, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, वर मोठा बॅनर. तिथं कोण बसणार? कुणीच बसलं नाही. साताऱ्यात सगळे एकमेकांना ओळखतात, अमक्याची पोरगी तिथं बसलेली म्हणून संध्याकाळपर्यंत घरी कळतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी डोकं लावलं आणि ते टेबल लायब्ररीच्या मागच्या खोलीत नेलं, बाहेर अभ्यास मार्गदर्शन एवढीच पाटी. त्यानंतर तिथं सतत कुणी ना कुणी आत असायचं. मी पण गेले. एटीकेटीचं टेन्शन, घरच्यांचं लग्नाचं बोलणं, झोप न लागणं, मॅडमनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं, मग आठवड्याचा अभ्यास कसा बसवायचा ते माझ्याबरोबर कागदावर काढलं. निघताना टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी यूजीसीची वेगळी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा, स्वतःला लागले नाहीत तरी रूममेटला लागतील. आणि कॉलेजला एकच सांगणं आहे, ही खोली आठवड्यापुरती नको, वर्षभर ठेवा.

वेळेचं मात्र खरंच बघायला पाहिजे. सीव्हीचं टेबल दुपारी तीनला सुरू व्हायचं आणि साडेपाचला रांग अजून भिंतीपर्यंत असायची. आत शहरात राहणाऱ्यांना काय नाही, पण जावली, खटाव, माणकडच्या पोरांना पोवई नाक्यावरनं स्टँडला जाऊन एसटी धरायची असते आणि ती एकदा चुकली की घरी पोचायला रात्र. ज्यांना या टेबलाची सगळ्यात जास्त गरज तीच पोरं रांग सोडून निघून गेली, हे मी रोज बघितलं आणि रोज वाईट वाटलं. सकाळी हॉल आणि दुपारनंतर टेबलं असं न करता उलटं करा ना, भाषणं संध्याकाळी ठेवा.

पुढं असल्या आठवड्याला जाणार असाल तर सीव्हीच्या दोन प्रिंट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि असेल तर नॉन क्रीमीलेअर सोबत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो आहेत म्हणून चालवून घेतात पण टेबलावर कागद असला की काम पटकन होतं. आधारला लिंक असलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे, ओटीपी त्याच्यावरच येतो, वडलांचा नंबर असेल तर त्यांना आधी फोन करून सांगून ठेवा. प्रवेश फुकट आहे, दुसऱ्या कॉलेजच्या पोरांना पण आयकार्ड दाखवल्यावर सोडतात. सीव्ही टेबलची नावं सकाळी दहाला लिहून घेतात आणि यादी लवकर भरते, त्यामुळं गेल्या गेल्या आधी तिथं नाव टाका, मग बाकीचं फिरा.