कानामागचं श्रवणयंत्र: मेंदूसाठी घेताय, तर आधी फिटिंग बघा

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आपल्याला बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा पुढे ढकलता येईल, असा अंदाज आहे. त्यात एकट्या कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के. कानामागे बसणारं, बारीक वायरने कानात रिसीव्हर (छोटा स्पीकर) सोडलेलं आरआयसी यंत्र याच नजरेने पाहायला हवं.

यंत्र उत्तम आहे. बिघडतं ते फिटिंग, म्हणजे यंत्राचा आवाज त्या कानाला जुळवून देणं. श्रवणचाचणीचे आकडे भरून सॉफ्टवेअरचं ‘फर्स्ट फिट’ (आपोआप जुळवणी) दाबलं आणि डबी हातात दिली, की बऱ्याचदा वरच्या पट्टीचे आवाज पुरेसे पोचत नाहीत. ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. आवाज येतो, शब्द कळत नाही, आणि महिन्याभरात यंत्र कपाटात जातं. कानात बारीक नळी सोडून पडद्याजवळचा आवाज मोजण्याची ‘रिअल इअर’ चाचणी जिथे होत नाही, तिथून यंत्र घेऊच नका.

शिट्टी वाजत असेल तर डोम (रिसीव्हरवरची मऊ टोपी) सैल आहे किंवा कानात मळ आहे. एकाएकी आवाज बसला तर आधी रिसीव्हरच्या तोंडावरची मळाची जाळी बदला: नव्या जाळीसोबत येणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची, दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवायची. सुई अजिबात नको, मळ आत ढकलला जातो. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. बोटं थरथरत असतील तर चार्जिंगचंच घ्या; ३१२ नंबरचा सेल फार छोटा असतो.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरच्या अचीव्ह चाचणीत (२०२३) श्रवणयंत्रामुळे बौद्धिक घसरण मंदावते का, ते पाहिलं; तीन वर्षांत एकूण गटात फरक दिसला नाही. आधीपासून जास्त धोका असलेल्यांत मात्र बौद्धिक घसरण ४८ टक्के मंदावली. वय झालंय, रक्तदाब-मधुमेह आहे, अशांनी म्हणूनच चालढकल करू नये.

पहिल्या आठवड्यात शांत खोलीत रोज दोन-तीन तास, मग वाढवत दिवसभर. यंत्र वापराचे तास स्वतः नोंदवतं. फेरतपासणीला तो आकडा विचारा आणि कमी असेल तर सेटिंग तिथेच बदलून घ्या.