स्कॉटलंडच्या डोंगरावर पहिल्यांदाच: स्की की स्नोबोर्ड?

आल्प्समध्ये हा प्रश्न बराचसा आवडीनिवडीचा असतो. स्कॉटलंडमध्ये तो वाऱ्याचा, लिफ्टचा आणि हातात असलेल्या दिवसांचा आहे. एडिंबरा-ग्लासगोला शिकायला किंवा नोकरीला असलेली मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी काढून वर जातात, त्यांच्यासाठी सरळ उत्तर आधी: दोनच दिवस असतील तर स्की. सलग चार-पाच दिवस असतील आणि पडायची तयारी असेल, तर स्नोबोर्ड खुशाल घ्या. घोळ होतो तो तीन दिवसांच्या सहलीत.

डोंगरांची उंची ऐकून त्यांना हलक्यात घेऊ नका. केअर्नगॉर्मचं शिखर 1,245 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून 400 मीटरनी बुटकं. पण ते 57 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये फारसं काही नाही. 20 मार्च 1986 ला या शिखरावर ताशी 173 मैल वेगाचा झोत नोंदला गेला. तापमान शून्याच्या अलीकडे-पलीकडे खेळत राहतं; दुपारी पाघळलेला बर्फ रात्री गोठतो आणि सकाळी फरशीसारखा कडक असतो. उघड्या धारेवरचा बर्फ वारा खरवडून नेतो, तो घळींत आणि मुद्दाम उभारलेल्या लाकडी कुंपणांच्या आडोशाला साठतो. त्यामुळे घसरायला मिळतो तो बरेचदा एक अरुंद पट्टा, आणि कडेला दगड व हीथरची झुडपं डोकावत असतात.

कडक बर्फावर स्की सोपी जाते. दोन पायांखाली दोन स्वतंत्र पट्ट्या असतात. एकीची कड सुटली तर दुसरी धरते. शिवाय टोकं जवळ आणि टाचा लांब ठेवून नांगरासारखा आकार केला की नवखाही वेग आवरू शकतो. बोर्ड म्हणजे एकच फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधलेले; एका वेळी तिची एकच कड बर्फात रुतलेली असते. ती सुटली की थेट बूड टेकतं. अरुंद पट्ट्यात दुसरी अडचण येते. बोर्डवर नवख्याला वळायला ऐसपैस जागा लागते. ती मिळाली नाही की तो टाचेच्या कडेवर आडवा घसरत खाली येतो आणि होता तो मऊ बर्फही खरवडून नेतो. मागून येणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या त्यासाठीच असतात. दोन्ही प्रकारांत सामान भाड्याने घेताना कडेवरून नख आडवं फिरवून बघा. नखाचा बारीक कीस निघाला तर कड धारदार आहे. नुसतंच सरकलं, तर दुसरा जोड मागा.

खरी परीक्षा लिफ्टची

इथल्या बहुतेक लिफ्ट जमिनीवरून ओढत नेणाऱ्या आहेत. त्याला कारण वाराच: हवेत लटकणाऱ्या खुर्च्या आधी बंद कराव्या लागतात. ओढणाऱ्या लिफ्टचे मुख्य प्रकार दोन. एकात दांड्याच्या टोकाला ताटलीसारखी चकती असते, तिला बटण म्हणतात. दुसऱ्यात उलटा टी, म्हणजे टी-बार.

स्कीवर बटण सोपं आहे. चकती दोन मांड्यांमध्ये घ्यायची, पाय समांतर, गुडघे थोडे वाकवलेले. एकच पथ्य: बसायचं नाही. दांडा स्प्रिंग किंवा दोरीवर ताणला जातो, तो तुमचं वजन पेलण्यासाठी नसतो. बसलात की आडवे.

बोर्डवर मागचा पाय बांधणीतून, म्हणजे बूट जखडणाऱ्या पट्ट्यांतून, सोडवावा लागतो. पुढचा पाय बांधलेला, मागचा दोन बांधण्यांच्या मधल्या खरखरीत पट्टीवर टेकवलेला, चकती पुढच्या मांडीच्या मागे. बोर्ड लिफ्टच्या दिशेने सरळ आणि सपाट, वजन पुढच्या पायावर, नजर वर. सुरुवातीचा झटका बसतो तेव्हा माणूस सवयीने मागे रेलतो, बोर्ड कडेवर जातो आणि मार्गाबाहेर पडतो. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ आधी खरवडून टाकला नाही तर मागचा पाय पट्टीवरून निसटतो. पडलात तर दांडा लगेच सोडा आणि लोळत का होईना बाजूला व्हा, मागचा येतोच आहे. टी-बारला पहिल्या दिवशी एकट्यानेच जा. दोन नवखे बोर्डवाले एका दांड्यावर चढले तर दोघंही वर पोहोचण्याची शक्यता कमीच.

त्यात सपाट जागा आल्या. स्कीवाला काठ्या टोचत पुढे जातो. बोर्डवाल्याला पाय सोडवून एका पायाने रेटत जावं लागतं, मग बर्फात बसून पुन्हा पट्टे आवळायचे. दिवसातून हे वीस वेळा.

दिवसांचा हिशोब

धडधाकट प्रौढ शिकवणी घेऊन स्की शिकत असेल तर पहिल्या दुपारपर्यंत थांबायला लागतो, दुसऱ्या दिवशी बटण-लिफ्ट आणि हिरवा, म्हणजे सगळ्यांत सोप्या दर्जाचा उतार, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या निळ्या दर्जातला सोपा उतार. पुढे मात्र पाय समांतर ठेवून वळण्याचा टप्पा बराच काळ रेंगाळतो. बोर्डवर पहिला दिवस टाचेच्या कडेवर घसरण्यात जातो, दुसरा बोटांच्या कडेवर आणि ठेचकाळण्यात. तिसऱ्या दिवशी वळणं जुळू लागतात, आणि तिथून प्रगती झपाट्याने होते. म्हणजे तीन दिवसांच्या सहलीत बोर्डवाला मजा सुरू होते तेव्हाच परतीची गाडी पकडतो. यावर उपाय आहे: एडिंबराजवळच्या हिलएंडच्या, चटई अंथरलेल्या कृत्रिम उतारावर आधी दोन-तीन धडे घ्या. तिथे पडल्यावर अंगठा चटईत अडकतो, म्हणून हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच.

दुखापतीही वेगळ्या. स्कीत गुडघा, बोर्डवर मनगट. बोर्ड घेणार असाल तर मनगटाचे गार्ड घ्या आणि पडताना तळवे न टेकता मुठी मिटून कोपरापासूनचा हात टेका. स्कीची बांधणी पडल्यावर सुटते. ती किती जोरावर सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य बघून ठरवतात. दुकानात वजन चोरू नका, कौशल्य फुगवू तर मुळीच नका. जास्त आवळलेली बांधणी वेळेवर सुटत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. स्कीचे बूट कडक असतात, त्यात मोजा एकच आणि पातळ; दोन घातले तर पाय आणखी गारठतो. चालण्यासाठी बोर्डचे मऊ बूट कितीतरी बरे, तेवढं श्रेय बोर्डला द्यायलाच हवं.

कपडे जलरोधक हवेत, बोर्डवाल्याची विजार तर नक्कीच, कारण तो सारखा बर्फात बसतो. जीन्स नको. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचा पोंचोही नको, वारा तो डोक्यावर उलटवेल. गॉगलची काच पिवळी किंवा गुलाबी घ्या; ढगात उतार कुठे संपतो ते काळ्या काचेतून दिसत नाही.

कोणता डोंगर?

नवख्या स्कीवाल्यासाठी लेख्ट हे स्की-केंद्र: लहान, बेताचे उतार, लिफ्ट वाहनतळालगत. मात्र तिथे जाणारा ए939 रस्ता बर्फाने बंद होण्याबद्दल प्रसिद्ध आहे. ग्लेनशी सगळ्यांत मोठं, 20 हून जास्त लिफ्ट आणि 36 उतार, पण बहुतेक लिफ्ट ओढणाऱ्या. पहिल्यांदा बोर्ड घेऊन तिथे जाणं म्हणजे लिफ्टशीच कुस्ती. ग्लेनको 1956 पासूनचं. खुर्ची-लिफ्टने वर गेल्यावर सपाट पठार लागतं, बोर्डवाल्याचा घाम तिथेच निघतो, आणि फ्लायपेपर हा अतिशय तीव्र उतार नवख्याने खालूनच बघावा. फोर्ट विल्यमजवळच्या नेव्हिस रेंजला गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणा, 650 मीटरपर्यंत नेतो, तरी पुढे ओढणाऱ्या लिफ्ट आहेतच.

बोर्ड शिकायचाच असेल तर आमची पसंती केअर्नगॉर्मला, ती तिथल्या रुळांवरच्या गाडीमुळे. ती सुरू असेल तर वरच्या टार्मिगन स्थानकापर्यंत बसून जाता येतं. मात्र 2001 मध्ये सुरू झालेली ही गाडी 2018 मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे बंद पडली आणि नंतरही तिची दुरुस्ती रेंगाळली, तेव्हा ती चालू आहे का ते निघण्याआधी पाहा. जवळच्या एव्हिमोर गावापर्यंत रेल्वे आणि तिथून बस असल्यामुळे स्वतः मोटार चालवावी लागत नाही.

मुक्काम आणि शिकवणी यांचं आगाऊ आरक्षण करताना रद्द करण्याची सोय बघूनच पैसे भरा. डिसेंबरअखेरीला उजेड जेमतेम साडेसहा तास असतो, म्हणून मार्चचा पहिला पंधरवडा बरा. डोंगराचा त्या दिवशीचा अहवाल सकाळीच वाचा: कोणते उतार उघडे, किती लिफ्ट चालू, वारा किती, रस्त्याचं फाटक उघडं आहे का. नवख्यांचा उतार बंद असेल तर तो दिवस एव्हिमोरच्या पाइनच्या रानात चालण्यात घालवा, भाड्याचं सामान दुसऱ्या दिवशी घ्या.