एल्कच्या शिकारीसाठी रायफल, गोळी आणि दुर्बीण : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत घेतलेल्या टिक्का टी३एक्स लाइट या रायफलीतून नोव्हेंबरपर्यंत सुमारे अडीचशे काडतुसे झाडून झाली आणि कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स भागात एल्क या मोठ्या हरणाच्या एका मादीची शिकारही झाली, तेव्हा आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येईल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, त्यामुळे अमेरिकेत येऊन या वाटेला लागणाऱ्या आपल्या लोकांपाशी घरून मिळालेले असे काहीच ज्ञान नसते. म्हणून तपशील थोडा जास्तच देत आहे. एच-१बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना शिकारीचा वैध परवाना हाती नसताना बंदूक विकत घेणे किंवा जवळ बाळगणे साधारणतः कायद्याने निषिद्ध आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

माझी निवड ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि जुने .३०-०६ स्प्रिंगफील्ड या तीन काडतुसांमध्ये होती. दुकानात बहुतेकांनी मॅग्नमचाच, म्हणजे जास्त दारूच्या वेगवान काडतुसाचाच, आग्रह धरला, कारण .३०० मधून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे २,९५० फुटांनी निघते, तर .३०-०६ मधून २,७०० च्या आसपास. मात्र दुर्बिणीशिवाय तीन किलोही न भरणाऱ्या रायफलीत मॅग्नमचा धक्का खांद्याला किती जाणवतो, हे मी एका मित्राच्या रायफलीवर दहा गोळ्यांतच अनुभवले होते, आणि अकराव्या गोळीला चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले होते. म्हणून .३०-०६ घेतले. एल्कसाठी कोलोरॅडोचा नियम किमान .२४ कॅलिबर (गोळीचा इंचांतला व्यास), ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा एवढाच आहे; १९०६ पासून वापरात असलेले हे काडतूस त्याच्या कितीतरी पुढे आहे.

खोक्यावर छापलेला वेग मात्र जसाच्या तसा धरू नये. तो बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो, आणि माझी नळी साडेबावीस इंचांचीही नाही. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, माझी सरासरी २,६८० आली. २०० यार्डांवर नेम बसवला की गोळी ३०० वर साधारण ८ इंच, ४०० वर २२-२३ इंच आणि ५०० वर पावणेचार फुटांच्या आसपास खाली येते. हा उतार नियमित असतो, मोजता येतो आणि दुर्बिणीवरच्या, नेम वर-खाली करणाऱ्या डायलवर लावता येतो. वारा तसा नसतो. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ४०० यार्डांवर गोळी नऊ-दहा इंच सरकते, आणि दरीपलीकडचा वारा आपल्या गालाला लागणाऱ्या वाऱ्यासारखाच असेल याची काहीच शाश्वती नसते.

गोळी म्हणून नोस्लर अ‍ॅक्युबाँड, १८० ग्रेन, वापरली. हिच्यात शिशाचा गाभा तांब्याच्या आवरणाला सांधलेला असतो, त्यामुळे हाडावर आदळूनही तिच्या ठिकऱ्या होत नाहीत, आणि वेग सेकंदाला १,८०० फुटांपर्यंत उतरला तरी ती उमलते. अडीचशे किलोच्या जनावरासाठी मला सगळ्यात महत्त्वाची निवड हीच वाटते. रायफलीवर खर्च होणारे दोनशे डॉलर वाचवून तेवढ्याची हीच काडतुसे सरावासाठी घ्यावीत.

दुर्बिणीच्या बाबतीत मी आधी चुकलो. पहिली दुर्बीण ६-२४x५० (सहा ते चोवीस पट मोठे दाखवणारी) होती, जड आणि दिसायला भारदस्त. मे महिन्यात १०० यार्डांवर उंच कागद लावून डायल २० मिनिटे (मिनिट हे इथे कोनाचे माप, १०० यार्डांवर सुमारे एक इंच) वर नेला आणि पुन्हा शून्यावर आणला, तेव्हा गोळी मूळ जागेपासून दोन इंच उजवीकडे लागली. तीनदा केले, तीनही वेळा वेगळी जागा. शिवाय सहापटीच्या खाली येता येत नसल्यामुळे झाडीतले जवळचे जनावर तिच्यात सापडणेच कठीण झाले असते. ती परत करून ल्यूपोल्ड व्हीएक्स-५एचडी ३-१५x४४ घेतली. तिच्यासोबत एक डायल आपल्या गोळीचा वेग, ठिकाणाची उंची आणि तापमान कळवून कोरून मिळतो. मी ९,००० फूट उंची दिली, कारण विरळ हवेत गोळी कमी पडते आणि खालच्या मैदानातला तक्ता तिथे चुकतो. शून्यावर डायलला कुलूप बसते, बटण दाबल्याशिवाय तो फिरत नाही, त्यामुळे पाठीवरच्या पिशवीला घासून तो हलला असेल ही धास्ती राहिली नाही. दुर्बीण रायफलीवर धरणाऱ्या रिंगचे स्क्रू टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत.

बाकावरून १०० यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात येतात, पण डोंगरात बाक नसतो. उन्हाळाभर आठ इंचांच्या कागदी ताटल्यांवर सराव केला : पिशवीवर रायफल टेकवून पालथे पडून ३०० यार्डांवर दहापैकी नऊ लागल्या, बसून सहा, आणि ४०० वर पालथे पडूनही सहाच. त्या दिवशी मी स्वतःची मर्यादा ३०० यार्ड ठरवली, आणि रायफल ५०० चा हिशेब पुरा करू शकते हे माहीत असूनही ती मोडली नाही.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ४३० यार्डांवर अकरा माद्यांचा कळप दरीपलीकडे चरत होता. डायलवर आकडा होता, पण गवत दोन दिशांना झुकत होते. अर्ध्या सेकंदाच्या उड्डाणात जनावर एक पाऊल टाकते आणि फुप्फुसाचा नेम पोटावर जातो. मी गोळी झाडली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी २६५ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. पिशवीवरून एकच गोळी. ती तीस पावले चालली आणि खाली बसली. सोलताना पलीकडच्या कातडीखाली गोळी सापडली : पुढून अळंबीसारखी उमललेली, बूड शाबूत, घरच्या काट्यावर १२१ ग्रेन.

उरलेले ५९ ग्रेन शिसे आणि तांबे त्या जनावरातच राहिले, आणि ते मटण माझी मुले खाणार आहेत, ही गोष्ट मला खटकते; खांद्याभोवतीचा भाग मी सढळ हाताने कापून टाकला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित गोळी सक्तीची आहे, कॉन्डर गिधाडांना होणारी विषबाधा हे त्यामागचे मोठे कारण. मार्चमध्ये बार्न्सच्या १६५ ग्रेनच्या निव्वळ तांब्याच्या गोळ्या याच रायफलीतून तपासणार आहे, नवा वेग मोजून दुसरा डायल मागवणार आहे, आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारच्या मुदतीआधी पुन्हा मादीच्याच परवान्यासाठी अर्ज करणार आहे.