इंदूरच्या भंवरकुआजवळचा रविवारचा नंबर थिअरी क्लास: चार स्टार, पाचवा का नाही ते खाली

लेक नववीत आहे, गणिताच्या ऑलिम्पियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम द्यायची म्हणते, म्हणून इथे घातली. भंवरकुआला कोचिंगची कमी नाही, पण सगळीकडे जेईईचीच घाई, फक्त नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांचं गणित, शिकवणारा क्लास शोधायला वेळ लागला. आईवडिलांना मागच्या बाकावर बसू देतात. मी बसलो आणि मग बसतच राहिलो, त्यामुळे हा रिव्ह्यू ऐकीव नाही.

सर हिंदी-इंग्लिशमधे शिकवतात, आपल्या रामबाग, लोकमान्य नगरची पोरं समोर असली की मधेच मराठीत येतात. मॉड्युलर अरिथमेटिक, म्हणजे बाक्यांचं गणित, सुरू करताना व्याख्या नाही सांगितली, सरळ विचारलं की आज रविवार, १०० दिवसांनी कोणता वार? पोरांनी भागाकार केला, ७ चोक ९८, नाही नाही, ७ चौदा ९८, बाकी २, मंगळवार. मग म्हणाले १००० दिवसांनी? ९९४ वजा केले, बाकी ६, पोरं बोटांवर सोम मंगळ मोजायला लागली आणि सर म्हणाले अरे सहा दिवस पुढे कशाला जाता, एक दिवस मागे या ना, शनिवार. इथेच माझ्या मते हा क्लास वसूल झाला. कारण शाळेत बाकी म्हणजे भागाकाराच्या शेवटी उरलेला एक आकडा, विषय संपला. इथे पोरांना कळलं की ७ च्या हिशोबात ६, १३, १०००, आणि वजा १ हे सगळे एकाच घरातले, कुठल्याही दोघांची वजाबाकी करा, ७ ने भाग जातो. कॉन्ग्रुअंट असणं म्हणजे एवढंच, फळ्यावर त्याची खूण तीन आडव्या रेघा. मग त्या घरातला जो सोयीचा असेल त्याला कामाला लावायचं.

आणि सोय केवढी! २ चा १०० वा घात भागिले ७, बाकी किती? २ चा घन ८, म्हणजे ७ च्या हिशोबात १ च, १०० म्हणजे ३ गुणिले ३३ अधिक १, उत्तर २. तोंडी. आयओक्यूएमची उत्तरं ०० ते ९९ मधलीच असतात, त्यामुळे शेवटच्या दोन अंकांवर सर बराच वेळ देतात. ७ चा चौथा घात २४०१, म्हणजे १०० च्या हिशोबात १, मग ७ चा २०२६ वा घात ४९ वर संपणार, कारण २०२६ ला ४ ने भागलं की २ उरतात. ९ ची कसोटी, ११ ची कसोटी पोरांना पाठ होती, पण १० ला ९ ने भागलं तर बाकी १ आणि ११ च्या हिशोबात १० म्हणजे वजा १, म्हणून एकीकडे अंकांची बेरीज आणि दुसरीकडे अधिक-वजा अधिक-वजा, हे पहिल्यांदाच कळलं त्यांना.

वजा ७ ला ५ ने भागलं तर बाकी काय यावर लेक घरी येऊन भांडली, बाबा तुमचा कॉम्प्युटर चुकतो. मी सॉफ्टवेअरवाला, दाखवलं तिला, सी या प्रोग्रॅमिंग भाषेत वजा २ येतं, पायथनमधे ३. गणितात बाकी ० ते ४ मधलीच धरतात म्हणून ३, पण वजा २ आणि ३ एकाच घरातले, त्यामुळे भांडण मिटलं. क्लासमधे हे आधीच सांगायला हवं होतं खरं तर, हल्ली सगळी पोरं कोडिंग करतात.

सगळ्यात भारी लेक्चर पुस्तकांच्या मागच्या आयएसबीएन नंबरवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर झालं. घरातून पुस्तकं आणायला सांगितली होती. १३ अंक, आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरजेला १० ने भाग गेलाच पाहिजे. मग सरांनी शेजारशेजारचे १ आणि ६ अदलाबदल करायला लावले आणि तरी बेरीज बरोबर! १ आणि ६ मधला फरक ५ चा, गुणायच्या १ आणि ३ मधला २ चा, म्हणून बेरीज बरोबर १० ने बदलते, चोरी पकडलीच जात नाही. २००७ च्या आधीच्या १० अंकी नंबरात ११ चा हिशोब होता, ११ मूळ संख्या असल्यामुळे तिथे कुठलीही अदलाबदल सापडते, फक्त बाकी १० लिहायला शेवटी एक्स लागायचा. पोरं घरी जाऊन कपाटं उपसत होती.

आता पाचवा स्टार. भागाकार फार पळवला. १४ आणि ८ हे ६ च्या हिशोबात सारखे, दोन्हीकडून २ काढला तर ७ आणि ४, आणि ते ६ च्या हिशोबात सारखे नाहीत, ३ च्या हिशोबात आहेत. कारण सोपं आहे, वजाबाकीला भाग जातो ६ ने, ६ म्हणजे २ गुणिले ३, दोन्हीकडून २ काढला की ६ मधला पण २ जातो आणि ३ च उरतो. हे फळ्यावर एक ओळ लिहून पुढे गेले, अर्धा वर्ग तिथेच लटकला. चायनीज रिमेंडर थिअरम तर चक्क फॉर्म्युला देऊन उरकला. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात कुट्टक नावाची रीत आहे, नेमकी हीच भानगड, दोन भाजक आणि दोन बाक्या देऊन संख्या शोधा, त्याचं नाव घेऊन अर्ध्या मिनिटात पुढे. अरे भिया, तिथेच थांबायचं होतं ना.

बाकी नोट्सची झेरॉक्स फिकट, पार्किंग राम भरोसे, फी थोडी जास्त. जेईईचा स्पीड हवा असेल तर इथे येऊ नका, आठवी-नववीच्या पोरांना घाला. डेमो फुकट आहे, पण नवी बॅच सुरू होते तेव्हाचा पहिलाच रविवार घ्या, मधेच गेलात तर फळ्यावर नुसत्या तीन आडव्या रेघा दिसतील.