‘लाइफटाइम कमर्शियल लायसन्स’वालं फोटो बंडल घेऊ नका, आमची कशी फसवणूक झाली ते वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात जे कोण डीटीपी, फ्लेक्स, लग्नपत्रिका, कॅलेंडर नाहीतर दुकानांच्या इन्स्टाच्या पोस्ट करून द्यायचं काम करतात त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि जे ही कामं करून घेतात त्यांनीपण वाचा, कारण भानगड झाली की फोन दोघांनाही येतो. इन्स्टावर आणि टेलिग्रामवर ‘१० लाख रॉयल्टी फ्री इमेजेस, लाइफटाइम कमर्शियल लायसन्स, फक्त ७९९’ अशी जाहिरात फिरत असते बघा, असलंच एक बंडल घेऊन आम्ही फसलोय आणि त्या माणसाकडून अजून एक रुपया परत आलेला नाही.

आमचं शहापुरात छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे, मी डिझाइन बघते आणि मिस्टर मशीन बघतात. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कॅलेंडरचा सीझन, पतसंस्था, सराफ, खतवाले सगळ्यांची घाई एकाच वेळी. एका पतसंस्थेला आपल्या जिल्ह्यातली ठिकाणं घालून बारा पानी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिजे होतं, किल्ल्यातली कमल बस्ती, राजहंसगड, हलशीचं देऊळ, गोकाकचा धबधबा असं. बाकीचे फोटो जमले पण भर पावसातला धबधबा डिसेंबरात कुठनं आणायचा, आणि त्या बंडलच्या सँपलमध्ये तोच फोटो होता, लाल-तपकिरी पाणी, बाजूला झुलता पूल, एकदम साफ. पैसे भरायच्या आधी मी त्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट विचारलं होतं की हे छापायला चालतं का, गिऱ्हाइकाच्या कामात वापरायचं आहे. त्याचं उत्तर आलं, ‘१०० टक्के सेफ मॅडम, तुमच्या दुकानाच्या नावाने सर्टिफिकेट देतो.’ आणि खरंच पीडीएफ पाठवली, आमच्या दुकानाचं नाव, सोनेरी शिक्का, खाली सही, ‘लाइफटाइम व्हॅलिडिटी’. ही पीडीएफ पुढं कशालाच उपयोगी पडली नाही.

कॅलेंडर वाटून झाली आणि जानेवारीत फोन आला. ‘अक्का, जुलैच्या पानावरचा फोटो तुम्हाला कुणी दिला?’ पोरगा गोकाककडचा, लग्नाच्या ऑर्डरी करतो आणि पावसाळ्यात धबधब्याचे फोटो काढतो, त्याच्या मित्राने एका किराणा दुकानात कॅलेंडर बघून त्याला फोटो पाठवला होता. आवाज चढवून बोलला नाही, लॅपटॉप घेऊन दुकानात आला आणि कॅलेंडरचं पान शेजारी ठेवून दाखवलं. त्याच्याकडं रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातनं निघालेली मूळ फाइल होती, आमच्या फोटोपेक्षा चारी बाजूंनी मोठी, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमपण, ज्यात पुलावरची माणसं दोन पावलं मागं नाहीतर पुढं आहेत. मग त्याने पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं फेसाचा एक पट्टा आहे, आणि अगदी तसाच, त्याच आकाराचा पट्टा बोटभर वरती परत आहे. त्याच्या मूळ फोटोत त्या जागी त्याचं नाव होतं, ते कुणीतरी क्लोन टूलने पुसून वरचं पाणी खाली चिकटवलं होतं. आमच्या बंडलमधल्या फाइलची प्रॉपर्टी उघडली तर कॅमेरा, तारीख, नाव सगळं कोरं. मला फार वाईट वाटलं, दरवर्षी भर पावसात जाऊन उभा राहणाऱ्या पोराचं नाव असं पुसलेलं डोळ्यासमोर दिसत होतं.

मी त्याच्यासमोरच बंडलवाल्याला फोन लावला. म्हणाला की मॅडम तुमच्याकडं बेसिक लायसन्स आहे, प्रिंटला एक्स्टेंडेड लागतं, ४,५०० भरा लगेच ऑथरायझेशन लेटर देतो. घ्यायच्या आधी १०० टक्के सेफ म्हणणारा हाच माणूस! मी म्हटलं पैशाचं नंतर बघू, आधी हा फोटो काढणाऱ्याचं नाव सांगा. फोन कट, मग व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक, संध्याकाळी इन्स्टाचं पेजपण गायब. आता वेगळ्या नावाने तेच सँपल फोटो घेऊन परत जाहिरात सुरू झालीय, म्हणूनच हे लिहायला बसले.

फोटोग्राफरने आधी २५,००० मागितले होते, बोलून १२,००० वर मिटलं आणि वाटलेल्या कॅलेंडरपुरती त्याने लेखी परवानगी दिली. पतसंस्थेने ते पत्र हातात पडेपर्यंत आमचं बिल अडवून ठेवलं, त्यांचंही बरोबर आहे, कॅलेंडरवर नाव त्यांचं होतं.

या सगळ्यात वकिलांकडं जाऊन जे कळलं ते सांगते कारण आपल्या धंद्यात हे कुणी सांगत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो, रजिस्ट्रेशन केलं नाही म्हणून तो फुकटचा होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं असतो. वापरायची परवानगी म्हणजे लायसन्स, आणि कलम ३० प्रमाणे ते मालकाने, नाहीतर मालकाने नेमलेल्या माणसाने लेखी द्यायचं असतं. ज्याचा फोटोच नाही त्याने सोनेरी शिक्का मारून दिलेल्या कागदाला काही अर्थ नाही, दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडून आपल्या नावावर कारखान्याला घातल्यासारखं आहे ते, पावती कितीही खरी दिसली तरी ऊस त्याचा होत नाही. जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे. आम्ही जाणूनबुजून केलेलं नव्हतं, पण फौजदारी नाही लागली तरी भरपाईचा दिवाणी दावा येऊ शकतो, त्यात छापणारा आणि छापून घेणारा दोघंही ओढले जातात. आणि फोटोवरचं नाव मुद्दाम पुसणं हा कलम ६५ब खाली वेगळाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे बंडलवाल्याने आम्हाला फसवलं आणि त्या पोराविरुद्ध तर दोन गुन्हे केले.

नंतर मी बंडलमधले बरेच फोटो गुगल लेन्सवर आणि टिनआयवर (फोटो टाकला की तो नेटवर अजून कुठं आहे ते ही दोन्ही दाखवतात) टाकून बघितले. मोठा भाग पिक्साबे, अनस्प्लॅश, पेक्सेल्सवरचा निघाला, म्हणजे जे आपण स्वतः एक पैसा न देता उतरवू शकतो त्याचेच ७९९. त्या साइटच्या नियमात सरळ लिहिलंय की फोटो आहे तसा नुसता विकायचा नाही. बाकीचे पेड साइटवरचे होते, काहींवर तर वॉटरमार्कच्या तिरक्या रेघा झूम केल्यावर अजून दिसतात. आणि उरलेले आपल्या भागातल्या, कोकणातल्या, गोव्यातल्या पोरांचे, कुणाच्या फ्लिकरवरनं तर कुणाच्या इन्स्टावरनं उचललेले. हे सगळं एकाच फोल्डरमध्ये आणि वर ‘रॉयल्टी फ्री’चं लेबल.

रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट नाही, हे आपल्याकडं दहातल्या आठ जणांना माहीत नसतं आणि हे लोक त्यावरच पोट भरतात. एकदा ठरलेले पैसे भरले की प्रत्येक वापराला परत परत रॉयल्टी द्यायची नाही एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याच पेड साइटवर साध्या लायसन्समध्ये किती प्रती छापायच्या याचीपण मर्यादा असते. ‘एडिटोरियल यूज ओन्ली’ लिहिलेला फोटो बातमी-लेखासाठी असतो, दुकानाच्या जाहिरातीत चालत नाही.

खऱ्या फ्री साइटवरपण डोळे उघडे ठेवूनच काम करावं लागतं. सर्च केल्यावर वरती एक ओळ येते ती बऱ्याचदा स्पॉन्सर्ड असते, म्हणजे पेड साइटचे फोटो, फ्री नाहीत. फ्रीपिकवर फुकटच्या अकाउंटने उतरवलं तर श्रेय द्यावं लागतं. अनस्प्लॅशवर २०१७ पर्यंत आणि पिक्साबेवर २०१९ च्या सुरुवातीपर्यंत फोटो सीसी झिरोखाली, म्हणजे मालकाने आपले हक्क सोडून दिलेले असायचे, त्यानंतर दोघांनी स्वतःचे नियम आणले, त्यामुळं जुन्या यूट्यूब व्हिडिओत सांगितलेलं सगळं आज धरून चालू नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिथं कुणीही अकाउंट काढून दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून चढवू शकतो. म्हणून मी आता अपलोड करणाऱ्याचं प्रोफाइल उघडून बघते, त्याच ठिकाणाचे वेगवेगळ्या कोनातले फोटो आहेत का, अकाउंट जुनं आहे का. एकाच प्रोफाइलवर आज काश्मीर, उद्या पॅरिस, परवा दवाखान्यातलं ऑपरेशन असं दिसलं की मी सोडून देते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी, म्हणजे मालकाने ठरावीक अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी) पण नीट समजून घ्या, त्यात सगळं एकसारखं नाही. सीसी बाय असेल तर काढणाऱ्याचं नाव, लायसन्सचं नाव आणि लिंक द्यायची. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही, आणि पतसंस्थेने कॅलेंडर फुकट वाटलं तरी ती जाहिरातच, तेव्हा ‘आम्ही विकत नाही की’ म्हणून सुटका नाही. एनडी असेल तर त्यावर मजकूर, क्रॉप, रंगबदल करून नवीन काही बनवून वाटायचं नाही, मग आपल्या कामाला तो जवळजवळ निरुपयोगीच. एसए असेल तर त्या फोटोपासून बनवलेलं त्याच लायसन्सखाली द्यायचं. विकिमीडिया कॉमन्सवर एनसी आणि एनडीवाले फोटो घेतच नाहीत म्हणून तिथं थोडं सोपं जातं, पण तिथंही नाव द्यायचं विसरलं की त्रास आहे. काही लोक मुद्दाम फोटो सीसी लायसन्सखाली पसरवून ठेवतात आणि कुणी नाव द्यायचं विसरला की मोठी रक्कम मागतात, बाहेरच्या देशात याच्या बऱ्याच केसेस झाल्यात. सीसीच्या जुन्या २.० आणि ३.० आवृत्तीच्या लायसन्समध्ये चूक झाली की परवानगी तिथंच संपते. २०१३ मध्ये आलेल्या ४.० मध्ये मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसात सुधारली तर परवानगी आपोआप परत मिळते. त्यामुळं फोटो घेताना आकडापण बघायचा.

फोटोतली माणसं हा वेगळाच विषय आहे. फोटोचं लायसन्स असलं तरी त्यातल्या बाईने तिचा चेहरा दवाखान्याच्या नाहीतर कर्जाच्या जाहिरातीत वापरायला परवानगी दिलीय असं होत नाही. मी आता ओळखू येणारे चेहरे स्टॉकमधले, म्हणजे या साइटवरच्या तयार फोटोतले घेतच नाही. गिऱ्हाइकाला सांगते, लोकल फोटोग्राफरला बोलवा, आपण पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर कायद्याने पहिला मालक काढून घेणाराच असतो. दोन-चार हजारात काम होतं आणि डोक्याला ताप नाही. या वर्षीच्या कॅलेंडरचे फोटो त्या गोकाकच्या पोराकडूनच घेतले, बिलावर वापर कशासाठी आणि किती प्रती ते लिहून घेतलं.

आता एक उलटी बाजू. नोटीस आली म्हणून घाबरून लगेच पैसे भरू नका, कारण खोट्या नोटिसापण फिरतात, ईमेलमध्ये ‘पुरावा बघा’ म्हणून लिंक असते आणि त्यात व्हायरस. आणि खऱ्या कंपन्यापण चुकतात. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकन फोटोग्राफरने आपले हजारो फोटो लोकांनी वापरावेत म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले होते, आणि तिलाच तिच्या स्वतःच्या फोटोबद्दल १२० डॉलर भरा म्हणून एका स्टॉक फोटो कंपनीच्या वतीने पत्र आलं, मग २०१६ मध्ये ती कोर्टात गेली. म्हणून आधी मूळ फाइल, मालकीचा पुरावा आणि नोटीस पाठवणाऱ्याचा अधिकार विचारायचा. खरा मालक असेल तो आमच्या गोकाकच्या पोरासारखा दोन मिनिटात रॉ फाइल दाखवतो. उगाच धमक्या देणाऱ्याविरुद्ध आपल्याच कायद्यात कलम ६० आहे, वकिलाला विचारून बघा.

प्रत्येक फोटोसोबत मी आता पुरावा ठेवते. फोटोच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यात अपलोड करणाऱ्याचं नाव, लायसन्स आणि तारीख दिसली पाहिजे, लिंक, आणि महत्त्वाचं काम असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानं जशीच्या तशी जपून ठेवणारी साइट) ते पान सेव्ह करते, म्हणजे उद्या त्याने लायसन्स बदललं नाहीतर फोटो काढून टाकला तरी आपण घेतला तेव्हा काय लिहिलं होतं ते राहतं. हे सगळं त्या गिऱ्हाइकाच्या जॉबच्या फोल्डरमध्येच.

आमची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइमच्या पोर्टलवर दिलीय, सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यातपण कागद दिलेत. तुम्ही असलं बंडल घेतलं असेल तर त्यातला एकही फोटो नवीन कामात घालू नका, आधी छापलेल्यातले लेन्सवर टाकून बघा. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ते सर्टिफिकेटपण ठेवा. पेज गायब झालं तरी यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतो आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले ते त्यावरनं काढता येतं. रक्कम ७९९ च आहे म्हणून गप्प बसू नका, अशा बऱ्याच जणांनी तक्रार दिली तर एकाच खात्यावरच्या सगळ्या तक्रारी पोलिसांना एकत्र दिसतील.