नवऱ्याला व्हिसा नको, मला हवा: तोक्योतल्या ट्रॅव्हल एजन्सीचा अनुभव

पाचापैकी अडीच. त्यातला अर्धा काउंटरवरच्या मुलीच्या गोड बोलण्याला.

आम्ही निशी-कसाईत राहतो. नवरा जपानी, माझा पासपोर्ट भारतीय. नोव्हेंबर 2025 मध्ये फिनलंडला जायचं ठरलं. एजन्सीने नवऱ्याचा लाल पासपोर्ट पाहिला आणि जाहीर केलं, "व्हिसा लागत नाही!" त्याच्यापुरतं खरंच आहे. शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या फिनलंडसारख्या युरोपीय देशांत, मिळून कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. फक्त परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालायला हवा. पण मी शेजारीच बसले होते की! जपान्याची बायको म्हणून काही सूट मिळत नाही, हे त्यांना मीच सांगितलं.

मग माझी वरात: 90 युरो शुल्क, 30 हजार युरोंचा विमा, बँकेचे कागद, जपानचं रेसिडेन्स कार्ड. अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी करावा लागतो, आमच्याकडे उरले होते बावीस. व्हिसा आला तेव्हा बॅगा भरून तयार होत्या.

12 ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरून येणाऱ्यांचे ठसे आणि फोटो घेणाऱ्या नव्या नोंदणीबद्दलही एजन्सीने चकार शब्द काढला नाही. हेलसिंकीत नवऱ्याला चार बोटं काचेवर ठेवायला लावली, फोटो काढला. माझे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले. पहिल्यांदाच रांगेत तो मागे, मी पुढे.

हॉटेल मात्र झकास निवडलं होतं, ट्राम अगदी दारात. दोघांचेही पासपोर्ट जपानी असतील तर खुशाल जा.